ढोलावरच्या सह्या

नीबिया बेंतांकोर बोलायला लागली की समोरचा माणूस आधी तिच्या ओठांकडे बघायचा. ओठांत टाचण्या धरलेल्या असायच्या आणि तशाच टाचण्या धरून बाई बोलायची, हसायची, भांडायची, आमचा तो कडू माते-चहासुद्धा नळीनं ओढायची. ला तेखा वस्तीत सगळ्यांना वाटायचं की एक दिवस हिला दवाखान्यात न्यावं लागणार. पण आजवर एकही टाचणी पोटात गेली नव्हती. उरुग्वेच्या राजधानीच्या, माँतेव्हिदेओच्या पश्चिमेला, तेलाच्या कारखान्याच्या वासात वाढलेली ही बाई. कार्निव्हलच्या एका पथकाचे कपडे शिवायची. पथकाचं नाव ‘बिनघाईवाले’, आणि त्या नावाला जागणारा त्यात एकही माणूस नव्हता.

कार्निव्हल म्हणजे काय धावपळ असते हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. एका वस्तीच्या मंचावर गायचं, सरकारची आणि शेजाऱ्यांची यथेच्छ टर उडवायची, घामाघूम होऊन खाली उतरायचं, देल्मारच्या जुन्या बसमध्ये कोंबून घ्यायचं आणि पुढची वस्ती गाठायची. नीबिया कायम त्या बसमध्ये. कुणाची बाही उसवली, कुणाच्या टोपीचं मोरपीस मोडलं, कुणाची विजार ऐन गाण्यात मागून फाटली, सगळं चालत्या बसमध्ये शिवायचं. सुई कुणाला टोचली तर वर शिव्याही तीच घालायची.

आणि सह्याही तिनं त्याच बसमध्ये घेतल्या. तिथंच सगळा घोळ झाला.

सह्या कशाच्या ते सांगतो. नीबियाचा धाकटा भाऊ वॉशिंग्टन काच कारखान्यात कामाला होता, कामगार संघटनेत होता. आमच्याकडे आईबापांना पोरांची नावं वॉशिंग्टन, नेल्सन अशी ठेवायची भारी हौस, पोरगं मोठं होऊन काचच फुंकणार असलं तरी. हुकूमशाहीच्या काळात एका दुपारी गणवेशातली माणसं आली आणि जेवणाच्या टेबलावरून त्याला उठवून घेऊन गेली. बारा वर्षं झाली, तो परत आला नाही. कुठं नेला, काय केलं, कुणीही सांगितलं नाही. मग हुकूमशाही गेली, निवडणुका झाल्या, कोर्टांना धीर आला आणि अधिकाऱ्यांना समन्सं निघायला लागली. समन्सं निघाली मात्र, संसदेला कापरं भरलं. नाताळच्या तोंडावर घाईघाईनं कायदा केला: त्या काळात लष्करानं आणि पोलिसांनी जे काही केलं, त्याबद्दल शिक्षा मागायचा राज्याचा हक्क मुदतबाह्य झाला. मुदतबाह्य! ते काय खोकल्याचं औषध होतं? नीबियाची आई त्याच वर्षी गेली. कायदा झाल्याचं तिला कळलं नाही, तेवढं एक बरं झालं.

कायदा ठेवायचा की नाही यावर जनतेचं मत घ्यायचं असेल तर देशातल्या चौथा हिस्सा मतदारांच्या सह्या लागत होत्या. मोहीम सुरू झाली ती नेमकी कार्निव्हलच्या दिवसांत. नीबियाला दम कुठला! दुसऱ्याच रात्री कागद घेऊन ती बसमध्ये चढली.

“सही करायची त्यानं करा, नाही त्यानं खिडकीबाहेर बघा,” ती म्हणाली. “पण लवकर. पुढचा मंच आला.”

कुणीच खिडकीबाहेर बघितलं नाही. पण लिहायचं कशावर? बसमध्ये सपाट म्हणावी अशी एकच जागा होती, एबेर लार्रोसाचा मोठा ढोल. एबेर पथकाचा ढोलवाला. त्यानं ढोल मांडीवर आडवा घेतला आणि त्या कातड्यावर कागद ठेवून एकेकानं सही ठोकली. आता ढोलाचं कातडं, ते खाली दाबलं की वर उसळतं. त्यात दगडी रस्ते, त्यात देल्मारची बस, तिला स्प्रिंगा होत्या की नव्हत्या हे देवालाच माहीत. वर सगळ्यांच्या हातांना चेहऱ्यावर फासायचा रंग. सह्या अशा निघाल्या की जणू कोंबडी चालून गेलीय. शेवटी एबेरनं केली, त्याच्यानंतर नीबियानं. कागद घडी करून तिनं पोलक्यात खोचला आणि पुन्हा फाटक्या बाहीला लागली.

पुढं जवळजवळ दोन वर्षं सह्यांची मोजदाद आणि तपासणी चालली. निवडणूक कचेरीतले साहेब एकेक सही मतदारपत्रावरच्या जुन्या सहीशी ताडून बघत होते. मतदारपत्रावरची सही कशी असते? माणूस नुकता वयात आलेला, नवा शर्ट घातलेला, श्वास रोखून, जिभेचं टोक बाहेर काढून केलेली. आणि ही सही उसळत्या ढोलावरची! डिसेंबरात निकाल लागला: हजारो सह्या संशयास्पद. ज्यांच्या त्या सह्या, त्यांनी शनिवार, रविवार, सोमवार या तीन दिवसांत जातीनं हजर राहून ‘सही माझीच’ असं सांगायचं. नाही सांगितलं तर सही बाद. पुरेशा सह्या वाचल्या नाहीत तर मतदान नाही, आणि कायदा कायमचा.

वर्तमानपत्रात नावं आली. नीबियानं ती शिलाई मशीनवर पसरली आणि वाचता वाचता तिच्या तोंडातल्या टाचण्या टपाटप खाली पडल्या. ‘बिनघाईवाले’ पथकातला एकही माणूस सुटला नव्हता. अख्खं पथक संशयास्पद!

“मीच केलं हे,” ती देल्मारला म्हणाली. “माझ्याच हातानं. घरी बसवून, टेबलावर कागद ठेवून घेतल्या असत्या तर!”

“मग जिथं बुडवलंस तिथूनच बाहेर काढ,” देल्मार म्हणाला. “मी बस काढतो.”

त्या तीन दिवसांबद्दल काय सांगू! पुढं एप्रिलात मतदान झालं आणि आम्ही हरलो, कायदा राहिला, हे मला ठाऊक आहे. ते दुःख वेगळं. त्यासाठी रडायचं तेव्हा रडलो. पण त्या तीन दिवसांत अख्खं शहर आमच्याकडच्या डिसेंबरातल्या उन्हाळी उन्हात धावत होतं. लोक टॅक्सीवाल्यांना घराघरांतून ओढून काढत होते, टॅक्सीवाले पैसे घेत नव्हते. नदीपलीकडून, ब्वेनोस आयरेसहून, तिकडं राहायला गेलेली आपली माणसं बोटी भरभरून येत होती. आमच्या वस्तीतल्या शाळेत टेबलं मांडली होती आणि सही पक्की करून कुणी दारातून बाहेर आला की रस्त्यावरचे टाळ्यांचा कडकडाट करायचे, जणू त्यानं गोल मारलाय. चेहरे असे फुललेले मी आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिले.

शनिवारी नीबियानं अर्धं पथक गोळा केलं. ओरोस्मान, म्हणजे आमचा ‘काडी’, उंच आवाजात गाणारा, तो मासे धरायला गेला होता. ही बाई धक्क्यावर उभी राहून ओरडत होती, “काडी! ए काडी! परत ये, नाहीतर तुझी विजार मी पुन्हा शिवणार नाही!” तो मासळीच्या वासासकट थेट टेबलापाशी. कारकुनानं नाकावर रुमाल धरला.

रविवारी झांजवाल्या लठ्ठ्याची पाळी. त्याचा लाडका फुटबॉल संघ आदल्या दिवशी हरला होता, त्यामुळे त्यानं भिंतीकडे तोंड करून अंथरूण धरलं होतं.

“मी आज कुणाला तोंड दाखवणार नाही,” लठ्ठ्या म्हणाला.

“तुझं तोंड नकोच आहे कुणाला,” नीबिया म्हणाली. “हात दाखव. हाताचंच काम आहे.”

बायको मागून हसली आणि लठ्ठ्याला उठावं लागलं. असा एकेक करत रविवारी संध्याकाळपर्यंत सगळं पथक शाळेच्या दारातून टाळ्या घेऊन बाहेर पडलं. राहिला फक्त ढोलवाला. एबेर.

एबेरच्या घराला कुलूप होतं. तो उन्हाळ्याच्या हंगामासाठी पिरियापोलिसला गेला होता, समुद्रकाठच्या एका हॉटेलाची रंगरंगोटी करायला. निरोप धाडले, हॉटेलात फोन केला. एबेर फोनवर आला नाही. तेव्हा नीबियाच्या मनात पाल चुकचुकली. एबेर काही निरोप न पोचणारा माणूस नव्हता.

सोमवारी सकाळी बस निघाली. देल्मार चालवायला, नीबिया शेजारी, मागं काडी, लठ्ठ्या आणि आणखी चार-पाच रिकामटेकडे, ज्यांचं काम झालं होतं पण ज्यांना घरी बसवत नव्हतं. सगळे गात होते. नीबिया गात नव्हती. तिच्याजवळ एक वाक्य होतं आणि ते ती वाटभर घासत होती, सुरीसारखं. तो ढोल एबेरचा नव्हता. तो वॉशिंग्टनचा होता. त्याला नेलं त्यानंतरच्या कार्निव्हलला ढोल वाजवायला माणूस नव्हता, म्हणून एबेरच्या गळ्यात पडला. आज तो यायला नाही म्हणाला तर नीबिया त्याच्या तोंडावर म्हणणार होती: माझ्या भावाचा ढोल वाजवतोस आणि माझ्या भावासाठी दोन पावलं चालवत नाहीत तुला?

अर्ध्या वाटेवर बसनं वाफ सोडली.

देल्मारनं बॉनेट उघडलं आणि टोपी जमिनीवर आपटली. “पाणी. सगळं उडालं. इथं आसपास गायींशिवाय काही नाही.”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा खाली वळल्या. प्रत्येकाच्या काखेत थर्मास होता. माते-चहाचं गरम पाणी.

“नाही हं,” लठ्ठ्या म्हणाला आणि त्यानं थर्मास छातीशी धरला. “काही गोष्टींना मर्यादा असते.”

“लठ्ठ्या!”

“अगं, आत्ताच भरलाय मी! बरोब्बर गरम आहे, उकळू दिलेलं नाही!”

“ओत.”

एकेकानं येऊन रेडिएटरात थर्मास रिकामा केला. काडीनं तर टोपी काढून ओतला, अंत्ययात्रेत उभं राहावं तसा. हुकूमशाहीत आम्ही काय काय सोसलं, पण उरुग्वेच्या माणसानं चहाचं पाणी यंत्राच्या घशात ओतलं हे त्याआधी कुणी ऐकलं नसेल. बस खोकली, शिंकली आणि चालू झाली. त्या वेळी जो जल्लोष झाला तो ऐकून गायीसुद्धा पळाल्या.

हॉटेलाच्या मागच्या कुंपणाला एबेर पांढरा रंग देत होता. बस बघून त्याचा ब्रश थांबला. नीबिया एकटी उतरली.

“नीबिया,” तो म्हणाला. “एवढ्या लांब आलीस.”

“तू फोनवर येत नाहीस. मग मला यावं लागतं.”

“एक माझी सही नसली तर काय आभाळ कोसळणार आहे?”

“कोसळेल की नाही ते मला ठाऊक नाही. माझ्या डोक्यावर तर कोसळेल. तुझी सही माझ्या चुकीनं अडलीय.”

एबेरनं कुंपणावर ब्रश एकदा ओढला. मग हळू आवाजात म्हणाला, “तुला माहीतच आहे, आमची मिर्ता कुणाला दिलीय ते. जावई सैन्यात हवालदार. छावणीतच राहतात. परवा येऊन गेला. म्हणाला, ‘सासरेबुवा, यादीत तुमचं नाव आहे म्हणे. गप्प बसा, आपोआप बाद होऊन जाईल. गेलात तर मिर्ता आणि पोरगी नाताळला तुमच्याकडे दिसणार नाहीत.’ वाईट माणूस नाही गं तो. तोही घाबरलाय. त्याचा साहेब त्याला विचारणार.”

“हं.”

“बसमध्ये अंधार होता, नीबिया. सगळे आपलेच. तिथं शाळेत भर उजेडात टेबलापुढं उभं राहायचं, नाव मोठ्यानं वाचतात...” त्याच्या ब्रशातला रंग बुटावर ठिबकत होता. “मी भित्रा आहे. झालं? म्हणून टाक तुला काय म्हणायचंय ते.”

वाक्य तिच्या जिभेच्या टोकावर होतं, पार घासून पाजळलेलं. पण तिनं त्या बुटावरच्या रंगाकडे पाहिलं आणि तिला ते म्हणवेना. या भीतीला ती ओळखत होती. वॉशिंग्टनला नेलं त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या खिडक्या बंद झाल्या होत्या, आणि पुढं कितीतरी वर्षं तिनं स्वतःही बेकरीत भावाचं नाव घेताना आवाज खाली आणला होता. भीतीच्या बाबतीत एबेरला शिकवायचा तिला काय अधिकार! तिला त्याची दया आली आणि स्वतःच्या त्या धारदार वाक्याची लाज वाटली.

“मला काही म्हणायचं नाही,” ती म्हणाली. “राहा तू. मी सांगते त्यांना, एबेर आजारी आहे म्हणून.”

ती वळली. चार पावलं गेली असेल.

“म्हण ना,” एबेर मागून ओरडला. “ढोल कुणाचा आहे ते म्हण!”

“मी नाही म्हणत.”

“तू नाही म्हटलंस तरी मला ऐकू येतं! दर कार्निव्हलला येतं. ढोल गळ्यात घातला की वाटतं, आता हा येणार आणि म्हणणार, ‘आण रे माझा इकडं.’ मला द्यायचाय गं तो परत. पण द्यायचा कुणाला? कुठं नेऊन द्यायचा ते तरी कुणी सांगावं की नाही?” तो रडत होता आणि चिडलाही होता. चिडल्यावर तो चांगला दिसायचा. त्यानं ब्रश डब्यात फेकला. “नाताळला एकटाच कोकरू भाजत बसेन मी.”

“एकटा?” बसच्या खिडकीतून लठ्ठ्या ओरडला. सगळी बस कान लावून बसली होती. “आम्ही सगळे येतो खायला! दोन कोकरं आण!”

परतीची वाट कशी सरली कळलं नाही. देल्मारनं बस अशी पळवली की तिला तरुणपणीसुद्धा कुणी तसं पळवलं नसेल. शाळेपाशी पोचले तेव्हा उन्हं कलली होती, रस्ता माणसांनी भरला होता आणि दारावरचा शिपाई घड्याळ बघत होता. गर्दीनं बस ओळखली. “वाट द्या! बिनघाईवाले आले!” आणि वाट झाली.

एबेर टेबलापुढं उभा राहिला. पलीकडे एक तरुण कारकून, तीन दिवसांच्या घामानं चिंबलेला. “लार्रोसा, एबेर,” त्यानं खणखणीत वाचलं. एबेरनं मान खाली घातली, मग वर केली.

“ही सही तुमची?”

“माझीच. बस उडत होती.”

“ते मी आज पुष्कळ जणांकडून ऐकलंय,” कारकून म्हणाला आणि पहिल्यांदा हसला. एबेरनं रंगाच्या बोटांनी सही केली. बाहेर नुसता कल्लोळ. काडीनं त्याला उचललं, लठ्ठ्यानं दोघांना मिठी मारली आणि नीबिया भिंतीला टेकून मोठा श्वास घेत म्हणाली, “झालं. सगळं पथक झालं.”

“तुझी केव्हा केलीस?” एबेरनं विचारलं.

“काय?”

“सही. ढोलावर माझ्यानंतर तूच केलीस ना?”

नीबियानं काडीकडे पाहिलं. काडीनं लठ्ठ्याकडे. प्रत्येकाला वाटलं होतं की तिनं शनिवारीच केली. तीही शनिवारी म्हणाली होती, “मी काय, इथंच आहे, माझं कधीही होईल.” पंगतीत वाढणारीचं स्वतःचं पान राहून जावं, तसं झालं होतं. पलीकडे कारकून कागद गोळा करत होता. शिपायानं दाराला हात घातला होता.

नीबियाला जागचं हलता येईना.

“ओ साहेब!” असा आवाज एबेरनं काढला की शाळेच्या खिडक्या थरथरल्या. कालपर्यंत फोनवर यायला घाबरणारा माणूस तो! “थांबा! आमची शिवणारी राहिलीय! आतच आहे ती, बाहेरची नाही!” आणि त्यानं तिला दंडाला धरून टेबलापुढं आणून उभं केलं.

कारकुनानं शिपायाकडे पाहिलं. शिपायानं खांदे उडवले. कारकून पुन्हा खुर्चीत बसला, कागद उलगडले, बोट फिरवत फिरवत खाली आला.

“बेंतांकोर, नीबिया. ही सही तुमची?”

अशी किती टेबलं तिनं पाहिली होती! आईचा हात धरून ती छावणीच्या टेबलापुढं उभी राहिली होती, पोलिसांच्या, इस्पितळाच्या, मंत्रालयाच्या. दर वेळी विचारायच्या त्या दोघी आणि उत्तर असायचं टेबलापलीकडच्याकडे. या नावाचं कुणी नाही. उद्या या. मोठ्यानं बोलू नका. आज पहिल्यांदा टेबल विचारत होतं आणि उत्तर तिच्याकडे होतं. आवाज निघाला तो असा की रस्त्यावरची माणसं गप्प झाली.

“माझी आहे!”

“एवढ्या मोठ्यानं नको, बाई,” कारकून दचकून म्हणाला. “मला ऐकू येतं.”

“आज येतंय ना?” नीबिया म्हणाली. “मग पुन्हा एकदा ऐका. माझी आहे.”